रोलेक्सची जलतरणपटू की पाटेकचे वडील-मुलगा?

जुन्या घड्याळांची एकच जाहिरात भिंतीवर लावायची, तर मी १९२७ची रोलेक्सचीच निवडेन. मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनची टंकलेखिका इंग्लिश खाडीत दहा तासांहून अधिक पोहली, गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर हे जलरोधक घड्याळ. गारठ्यामुळे ती पैलतीरी पोचली नाही, घड्याळ मात्र चालूच राहिलं. 'डेली मेल' या ब्रिटिश दैनिकाचं अख्खं पहिलं पान त्या जाहिरातीचं होतं. बाईच्या दमावर घड्याळाची पारख, तीही तेव्हा!

पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीची १९९६ची जाहिरातमालिका देखणी आहे. घड्याळ पुढच्या पिढीसाठी जपा, एवढंच तिचं म्हणणं. पण गाजलेली चित्रं वडील-मुलाची. लग्नात जावयाला घड्याळ देणाऱ्या आपल्या पुण्याला ती चटकन पटते. मला तेच खटकतं. लक्ष्मी रस्त्यावर आज मुली स्वतःच्या पगारातून घड्याळं घेतात.