मोबाइलवरचा तक्ता की आपल्या मापाचं पथ्य?

मोबाइलवर मिळणारा आहारतक्ता सोपा: सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली. वेंगुर्ल्याच्या बाजारात ब्रोकोली शोधायची कुठे, ते मात्र तो सांगत नाही. फुकट आणि लगेच मिळतो, एवढाच त्याचा गुण.

दुसरी वाट वेळखाऊ. डॉक्टर आधी विचारतात: झोप किती, घरात ताण कसला, रात्री जेवता कधी, गोळ्या कोणत्या? ताट त्यानंतर. माझ्या आईला मधुमेहही आणि रक्तदाबही. तिचा बांगडा सुटला नाही, फक्त तळलेल्याऐवजी तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, झालं. उकड्या तांदळाची पेज कमी झाली, जोडीला कुळथाची पिठी आली. नाचणीची भाकरीही आली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. खरी कात्री लागली सुकट, खारा बांगडा आणि लोणच्याला, कारण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. (सुक्या मासळीवाचून पावसाळा म्हणजे शिक्षाच, पण असो.) शेजारच्या काकांना मूत्रपिंडाचा त्रास, त्यांचं पथ्य वेगळंच.

धडधाकट पंचविशीतल्याचं तक्त्याने फारसं बिघडत नाही. गोळ्या चालू असतील तर मी दुसरीच वाट धरेन. व्यायाम? आई म्हणते, माडाखालच्या झावळ्या गोळा करते तोच. डॉक्टरांनी तोही धरला.