दुपारी दाखवलेलं घर

अलिबागच्या बाजूला घर घ्यायचं मनात असेल, तर आधी हे वाचा. आमची निवृत्तीची पुंजी अडकली आहे, निदान तुमची वाचावी.

फेब्रुवारी २०२४. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो, तेव्हा एजंट गाडी घेऊन उभाच होता. तीनदा घर बघितलं, आणि तिन्ही वेळा त्याने आम्हाला दुपारी एक ते चारच्या आतच नेलं. "सकाळी काम चालू असतं, काकू, धूळ उडते." सहा बैठ्या घरांतलं शेवटचं, ४२ लाखांचं. अंगणात फणस, आणि पश्चिमेकडून येणारा गार वारा.

पूर्वेला करवंदीच्या जाळीपलीकडे पत्र्याची लांब शेड दिसत होती. ह्यांनी सरळ विचारलं, "ते काय आहे?" घराचा मालक स्वतः हजर होता. म्हणाला, "पोल्ट्री होती. दोन वर्षं झाली बंद पडून." आम्ही जाळीपर्यंत जाऊन डोकावलो. शेड खरंच रिकामी होती, झाडून चुना मारलेली. आम्ही विश्वास ठेवला.

मार्चमध्ये खरेदीखत झालं, दिवाळीनंतर राहायला आलो. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका रात्री अकराच्या सुमारास असा वास आला की माळ्यावर घूस मेली असं वाटून ह्यांनी शिडी लावली. पुढे तो रोजच यायला लागला, पहाटेपर्यंत राहायचा. पावसाळ्यात तर दिवसाही सुटका नव्हती. सर थांबून वारा पडला की डोळे चुरचुरायचे. ओट्यावर माश्याच माश्या, भात झाकूनच वाढायचा. नातू चार दिवसांसाठी आला होता, दुसऱ्याच दिवशी परत गेला.

ब्रॉयलर कोंबड्यांची एक बॅच साधारण चाळीस-बेचाळीस दिवसांची असते. पिल्लं लहान आहेत तोवर फारसं जाणवत नाही. पुढे खाली पसरलेल्या भाताच्या तुसात विष्ठा साचत जाते आणि ओल धरली की त्यातून अमोनिया सुटतो. माल उचलला की शेड साफ करून काही दिवस रिकामी ठेवतात. आम्हाला 'बंद' म्हणून दाखवली ती याच दिवसांत. आणि दुपारच का? दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात, वास डोंगराकडे जातो. रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, तेव्हा तोच वास आमच्या खिडकीत येतो. तिथे जन्म गेलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं मी मानत नाही.

शेड चालवणाऱ्या दादांवर माझा राग नाही. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, ते वाढवून देतात, किलोमागे पैसे मिळतात. आमच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. "ताई, शेड कधीच बंद नव्हती. मला येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं," म्हणाले. जाळीपलीकडची ती वीस पावलं आम्ही चाललो नाही. मग महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर शेजारच्या गटाचा सातबारा पाहिला. शेडखालची जमीन आम्हाला घर विकणाऱ्या मालकाच्या सख्ख्या भावाची निघाली. खरेदीआधी आम्ही फक्त आमच्याच गटाचा उतारा काढला होता.

वकिलांकडे गेलो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्याला दोष सांगायला लावतं, पण साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला कळला नसता असाच दोष. समोरचे म्हणणार, शेड तर तुमच्या डोळ्यांसमोर होती. आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथेही जाता येईना. उरला जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ती आम्ही केली आहे. हातात पुरावा एकच, एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: 'शेड कायमची बंद आहे, निश्चिंत राहा.' बाकी सगळं तोंडी.

गेल्या रविवारी शेजारचं रिकामं घर बघायला ठाण्याचं एक जोडपं आलं होतं. दुपारचे दोन वाजले होते. एजंट फोनवर बोलत बाजूला गेला, तशी मी फाटकाशी जाऊन त्यांना म्हटलं, "आज परत जाऊ नका. रात्री आमच्याकडे जेवा, अकरापर्यंत ओटीवर बसा आणि मग काय ते ठरवा." ते थांबले.