मॅग्नम आणि धुळ्याचं ऊन: 14 महिन्यांनंतर

आमच्या शेतात हिवाळ्यात भरीत होतं, तेव्हा पंगतीला दहा-बारा माणसं तरी असतातच. 750 मिलीची बाटली काढली की प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर वाईन यायची. दुसरी उघडावी तर तिची चव पहिलीसारखी लागेलच याचा भरवसा नसायचा. म्हणून गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढली आणि मोठ्या बाटल्या घ्यायला सुरुवात केली. मद्याचे परवाने चौघांकडेही आहेत. आतापर्यंत सहा मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या बाटल्या, घेतल्या: स्पेनमधल्या रिओहाच्या दोन आणि इटलीची बरोलो, फ्रान्सची फेसाळ शॅम्पेन, जर्मनीतल्या मोझेलची रीसलिंग (पांढरी वाईन), फ्रान्सचीच बोर्दो यांची प्रत्येकी एक. त्यातली बोर्दो वाया गेली. तिचं पुढे सांगतो.

दीड लिटर म्हणजे 125 मिलीचे बारा पेले. पहिली रिओहा शेतावर नेली तेव्हा मामांनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, हाई बाटली शे का घागर?" त्या दिवशी वांगी तुरकाट्यांवर भाजली होती, वर कच्चं तेल, कांद्याची पात, हिरवी मिरची आणि सोबत कळण्याची भाकरी. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि रिओहा रिझर्व्हाला (जास्त काळ मुरवलेल्या रिओहाला) लाकडी पिंपातून आलेला व्हॅनिलासारखा वास एकमेकांना इतके धरून होते की बारा पेले कधी संपले ते कळलं नाही.

बाटलीच्या आकाराने चवीत खरंच फरक पडतो का, हे मला स्वतः पाहायचं होतं. कारण सरळ आहे. मॅग्नमचं बूच जवळपास साध्या बाटलीएवढंच असतं आणि बुचाखालची हवाही साधारण तेवढीच, वाईन मात्र दुप्पट. म्हणजे दर घोटामागे प्राणवायू कमी आणि मुरणं सावकाश. दुसऱ्या रिओहाच्या वेळी त्याच उत्पादकाची, त्याच वर्षाची साधी बाटलीही आणली आणि दोन्ही एकत्र उघडल्या. साधी बाटली मऊ झाली होती, सुक्या अंजिराकडे झुकलेली. मॅग्नममध्ये ताज्या चेरीचा आंबटपणा अजून जागा होता. न सांगता चाखायला दिलं तरी चौघांपैकी तिघांनी मॅग्नम ओळखली.

आता बोर्दो. मे महिन्यात मुंबईहून येताना ती गाडीच्या डिकीत होती. मालेगावला जेवायला थांबलो आणि गाडी तासभर उन्हात उभी राहिली. धुळ्यात उतरवली तेव्हा बूच दोन-तीन मिलीमीटर वर सरकलेलं आणि वेष्टनाखाली चिकट ओल. महिन्याभराने उघडली. फळाचा ताजेपणा गेलेला, उकळलेल्या मुरंब्यासारखी चव आणि शेवटी कडवटपणा. त्या बाटलीसाठी आम्ही दोन महिने पैसे साठवले होते, त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात खरेदी करायची आणि प्रवास रात्री करायचा, असं ठरवून टाकलंय. खान्देशात कोणत्या प्रदेशाची वाईन घेता यापेक्षा ती कोणत्या महिन्यात आणता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ठेवायची कुठे, हाही प्रश्न होताच. आमचं जुनं धाब्याचं घर आहे, जाड मातीच्या भिंतींचं. वाटलं होतं, तिथल्या माजघरात भागेल. थर्मामीटर लावून पाहिला: बाहेर 44, आत 31. माणसाला हा गारवा पुष्कळ, पण वर्षानुवर्षं मुरवायच्या वाईनला 12-13 अंश लागतात. शेवटी वाईनचा फ्रिज घेतला. त्याचे कप्पे साध्या बाटलीच्या मापाचे असल्याने मॅग्नमसाठी एक फळी काढून टाकावी लागली. शॅम्पेनची बाटली तर आणखी जाड. फ्रिज घेताना हे मापून घ्या. वीज गेली तरी मोठी बाटली सावकाश तापते, तेवढा दिलासा.

प्रदेशांबद्दल माझं मत असं. बरोलो थोर वाईन आहे; तिला बाजारात येण्याआधी किमान 38 महिने मुरवायचा नियम आहे. पण शेवभाजीच्या तिखटासमोर तिचा तुरटपणा जिभेला झोंबला. तीच वाईन तुपात बुडवलेल्या बट्टीबरोबर एकदम गोड वागली. मोझेलची काबिनेट दर्जाची रीसलिंग हलकी गोडसर आणि कमी अल्कोहोलची. मिरचीला तिच्याइतकं कोणीच सांभाळलं नाही. शॅम्पेनमध्ये बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं मॅग्नमच्या आतच होतं. भरताच्या कच्च्या तेलावर तिचा आंबटपणा फार छान उतरला.

मॅग्नमपेक्षा मोठी बाटली मात्र मी घेणार नाही. नावांचाही घोळ आहे: शॅम्पेनमध्ये जेरोबोम म्हणजे 3 लिटर, बोर्दोत त्याच नावाने परंपरेने 4.5 लिटर. किंमत नावावर नव्हे, लिटरवर विचारा. फार मोठ्या बाटल्यांची बुचं रुंद असतात, साध्या बूचकाढूला ती आवरत नाहीत. शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शुल्काशिवाय 2 लिटरपर्यंतच मद्य आणता येतं. त्यात मॅग्नम बसते, 3 लिटरची बसत नाही. बरोलो माझ्या भाच्याने अशीच आणली. एरवी आयात वाईनवर 150 टक्के सीमाशुल्क आम्ही मोजलंय, आणि मॅग्नम मुळातच दोन साध्या बाटल्यांपेक्षा महाग पडते, कारण त्या भरल्याच कमी जातात. आणि नवापूरच्या पुढे सुरतेकडे लग्नाला जाणार असाल तर बाटली घरीच ठेवा. तिकडे गुजरातची दारूबंदी आहे.

थंड करायला फ्रिजवर विसंबू नका. मोठ्या घमेल्यात पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून पाऊण तास ठेवली की काम होतं. जुनी लाल वाईन असेल तर दोन दिवस आधी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो. ओतताना एक हात बुडाखाली हवाच. माणसं कमी आली तर उघडल्या उघडल्या अर्धी वाईन स्वच्छ धुतलेल्या 750 मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. आमची रीसलिंग अशी फ्रिजमध्ये चार दिवस ताजी राहिली.

पुढच्या खेपेला रीसलिंगच्या दोन आणि रिओहाची आणखी एक घ्यायची आहे. फेब्रुवारी संपायच्या आत गाडी मुंबईहून परत यायला हवी.