ब्युरोची चोवीस तासांची मावशी: पैसे कशाचे आणि काम किती

पुण्यामुंबईत घरी झोपून असलेल्या पेशंटसाठी माणूस हवा म्हटलं की पहिला फोन ब्युरोला, म्हणजे घरी काळजीवाहू माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला जातो. बाईपेशंटला मावशी, पुरुषपेशंटला मामा, आणि फोनवर मात्र सगळ्यांनाच 'सिस्टर'. गोंधळ इथूनच सुरू होतो. तीन वर्षांचा जीएनएम किंवा दोन वर्षांचा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली ती नर्स. मावशी म्हणजे अटेंडंट. अंग पुसणं, डायपर, भरवणं, कूस बदलणं, आणून दिलेली औषधं वेळेवर देणं हे तिचं काम. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं हे तिचं काम नाही, आणि 'मला येतं' असं ती म्हणाली तरी करू देऊ नये. त्यासाठी नर्सला त्या दिवसापुरतं बोलवावं.

आता 'चोवीस तास' या शब्दाकडे. ब्युरो विकतो ते एका माणसाचं घरी राहणं. जागरण त्या दरात नसतं. ती बाई रात्री झोपणार, झोपायलाच हवी. दर शहर, पेशंटचं वजन आणि लावलेल्या नळ्या यांवर हलतात, म्हणून हिशेबापुरते आकडे धरू: चोवीस तासांचे रोज १,००० म्हणजे महिन्याला ३०,०००. बारा तासांचे ८०० धरले तर दिवसपाळी आणि रातपाळी मिळून ४८,०००. हे १८,००० वाचवण्याच्या नादात बहुतेक घरं फसतात. हालचाल न करता येणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्यात पाच वेळा उठणं आलं. दिवसभर उचलाउचल केलेली मावशी पहिले तीन दिवस उठते, चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपते. तिचा दोष नाही, सौदाच चुकीचा आहे.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. पेशंट रात्री झोपतो, धरून बाथरूमपर्यंत जातो, तर चोवीस तासांची एकच मावशी उत्तम. पक्षाघात, नाकातून नळी, किंवा रात्रभर उठून दाराकडे जाणारा डिमेन्शियाचा पेशंट असेल तर दोन पाळ्याच घ्या. परवडत नसेल तर फक्त रातपाळी ब्युरोची आणि दिवस घरच्यांनी वाटून घेणं, हे उलट करण्यापेक्षा बरं.

काम कसं चाललंय हे कळायला शंभर पानी वही पुरते. वेळ, कूस डावी की उजवी, फीड (नळीवाटे दिलेलं पातळ अन्न) किती मिली, लघवी किती, शौच, औषध. वहीतल्या नोंदी वाचण्याआधी अक्षर बघा. सकाळपासूनच्या सगळ्या ओळी एकाच शाईत, एका ओघात उतरल्या असतील तर त्या ड्यूटी संपताना लिहिल्यात. मग पेशंटचं माकडहाड आणि टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडायचा. क्षणभर पांढरा पडला नाही, लालच राहिला, तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात झाली आहे. एअर मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. हे मावशीला आणि घरच्यांनाही सांगावं लागतं.

नळीवाटे फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच. नळीत आधी नि नंतर पाणी सोडलं नाही की ती चोंदते. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. पेशंटला हलवताना ती पलंगावर ठेवून देणारे खूप भेटतात.

ब्युरोचं खरं मोल बदलीत आहे. गणपती-दिवाळीला मावशी गावी जाते, अधूनमधून खाडाही होतो. बदली किती तासांत देणार आणि न आल्यास त्या दिवसाचे पैसे कापणार का, हे लेखी घ्या. बहुतेक ब्युरो एक महिन्याचा ॲडव्हान्स मागतात. आधी आठवड्याचा देऊन बघा, घासाघीस चालते. मावशीला परस्पर कामावर ठेवलं तर दंड, असं कलम कागदात असतं, ते वाचून सही करा. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी मागा. पैसे खात्यावर, पावती पेशंटच्या नावावर. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये मावशीचा खर्च बसत नाही, त्या भरवशावर राहू नये.

दरात न धरलेलं बरंच असतं: मावशीचा चहा आणि दोन वेळचं जेवण, तिला झोपायला जागा, हातमोजे, आणि दिवसाला चार डायपर. ४० रुपयांचा एक धरला तरी महिन्याला ४,८०० झाले. बदल्यात पेशंटचे कपडे आणि खोली तिच्याकडे. घरची भांडी नाहीत. पहिल्याच दिवशी हे बोलून घेतलं नाही की दहाव्या दिवशी मावशी न सांगता जाते.

एक प्रश्न बहुतेक घरं संकोचाने विचारत नाहीत, तो सही करण्याआधी विचारा: पेशंटला दवाखान्यात हलवलं किंवा तो वारला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का, आणि किती दिवसांत?