पीडीए पावडर: माल चोख, झाकण भिकार

फोंड्याच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बुरशी वाढवायच्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगर या माध्यमाची, म्हणजे पीडीएची, तयार पावडर मागवली. पूर्वी बटाटे उकळून गाळायचो आणि दर खेपेला माध्यम वेगळंच व्हायचं. हिचं तसं नाही. लिटरभर पाण्यात ३९ ग्रॅम, नीट विरघळवायची, मग १२१ अंशांवर १५ मिनिटं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, दुसऱ्या विभागाने अडवून ठेवला असेल तर १५ पौंडांचा कुकरही चालतो.

प्रोजेक्ट सदाफुलीच्या पानांच्या आत राहणाऱ्या बुरशीचा. पान आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवायचं आणि तुकडे या माध्यमाच्या प्लेटवर ठेवायचे. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर जरूर ओता. तिथे काही उगवलं, तर तुमची बुरशी पानाच्या आतली नाही, वरची. सगळं जमलं की चार-पाच दिवसांत पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर पडू लागतात. या पावडरीवर ते छान पसरतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे जिवाणू रोखणारं अँटिबायोटिक मात्र वेगळं घ्या. ते यात नाही आणि नसलं तर जिवाणूच आधी प्लेट बळकावतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सह्याद्रीतला नरक्या घ्या. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कॅन्सरवरची टोपोटेकान, इरिनोटेकानसारखी औषधं होतात आणि त्यापायी झाडं सपाटून तुटली. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्यातल्याच एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं दाखवलं. म्हणजे झाड न तोडता औषध, अशी आशा. त्याआधी १९९३ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या बुरशीत टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध सापडल्याचं जाहीर झालं होतंच.

आमच्या मुलांना प्लेटवर गुलाबी छटा दिसली की लगेच सदाफुलीतलं कॅन्सरवरचं औषध आठवतं, “बाई, व्हिन्क्रिस्टिन!” रंगावरून काही कळत नसतं रे, रसायनं वेगळी करून ओळखायला एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या तपासण्या लागतात. शिवाय बुरशी झाडाबाहेर काढून प्लेटमागून प्लेट वाढवत नेली की बरेचदा ते रसायन बनवणंच कमी करते. त्याचं खापर पावडरीवर फोडू नका.

खरी तक्रार झाकणाची. जून लागला, दोनदा बाटली उघडली आणि आत गुळाची ढेप! चमच्याने खरवडून वजन करायची पाळी आली. तेव्हा ५०० ग्रॅमची बाटली स्वस्त पडत असली तरी १०० ग्रॅमच्याच घ्या, आणि उघडलेली सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. पाचपैकी चार.