पोलाद: चीनचं आणि आपलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओतून झालं की साचे थंड होईपर्यंत चहा आणि वाद. परवा विषय निघाला चीनचा. १९४९ साली त्यांचं वर्षाचं पोलाद जेमतेम दीड लाख टन, आपलं १० लाखांच्या वर! १९९० पर्यंत ते साडेसहा कोटींवर, आपण दीड कोटीवर. २०२३ मध्ये ते १०० कोटींच्या पुढे. आपण १४ कोटी, तरी जगात दुसरे. साचे बनवणारे मोल्डरमामा म्हणाले, "त्यांनी अर्थव्यवस्थेची दारं १९७८ ला उघडली, आपण १९९१ ला." मला तेवढंच कारण पटत नाही. शहरं, बंदरं, रेल्वे बांधताना त्यांनी बहुतेक माल घरातच खपवला. अलीकडे तिकडची घरबांधणी मंदावलीय, इकडची मागणी वाढतेय. मामा मात्र उठले. साचे फोडायचे होते.