तीन गोळ्यांचं यंत्र की पिस्टनचं?

मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालं. भावाचा मेडिकलमधून फोन: "श्वासाच्या व्यायामाला गोळ्यांचं यंत्र घेऊ की पिस्टनचं?"

श्वास आत ओढला की यंत्राच्या नळ्यांत प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या वर चढतात. त्या हवेचा वेग दाखवतात: 600, 900, 1200 मिली प्रतिसेकंद. श्वासाबरोबर वर सरकणारा पिस्टन दाखवतो एकूण किती हवा आत गेली. खरा फरक इथेच आहे. फुफ्फुस आपणहून फुगत नाही. खाली सरकणारं श्वासपटल आणि उचलल्या जाणाऱ्या बरगड्या त्याला ओढून फुगवतात. हवा जोरात ओढली की श्वासनलिकांतला अडथळा वाढतो, तेवढ्याच हवेला जास्त ताकद लागते. मावशीने गोळ्या चढवल्या तेव्हा खांदे कानाशी आले, मानेचे स्नायू ताठले, पोट मात्र हललंच नाही. झटक्याने गोळ्या वर जातात, पण फुफ्फुसाच्या तळाशी हवा पोचेलच असं नाही. पिस्टन श्वासाने सावकाश वर ओढायचा असतो, त्यामुळे टाके दुखत असतानाही जमतो.

किमतीत गोळ्यांचं यंत्र स्वस्त आणि कुठेही मिळतं. धुणं-वाळवणं दोन्हींचं सारखंच.

ऑपरेशन ताजं असेल, दम लवकर लागत असेल तर पिस्टनचंच घ्या. पैशाची ओढाताण असेल आणि रुग्ण समजूतदार असेल तर गोळ्यांचं चालेल. पण यंत्र सरळ धरा, तिरपं नको. तिसऱ्या गोळीचा नाद सोडा, पहिली हळूच वर नेऊन तीन सेकंद तिथेच ठेवा. चक्कर आली तर थांबा.